टेक्निकल रायटिंगचा 'पीजी डिप्लोमा': ओटीपी सांगण्याआधी पावती मागा

हिंजवडीत नाहीतर खराडीत टेक्निकल रायटरची, म्हणजे यंत्रं आणि सॉफ्टवेअरची मॅन्युअल लिहिण्याची नोकरी हवी असलेल्या पदवीधरांना पुण्यात फसवण्याची एक ठरलेली पद्धत आहे. डेमो लेक्चर फुकट असतं. ते संपलं की काउन्सेलर सांगते, "आज सीट घेतलीत तरच सवलत." भिंतीवर 'शासनमान्य' लिहिलेलं असतं आणि शेजारी आयएसओ 9001 ची फ्रेम.

'शासनमान्य'चा कागद मागितला की बहुतेक वेळा उद्यम नोंदणी पुढे येते. ती पिठाच्या गिरणीलाही मिळते. आयएसओ 9001 हे कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे, अभ्यासक्रमाशी त्याचा संबंध नाही. यूजीसी कायदा 1956 च्या कलम 22 प्रमाणे पदवी फक्त विद्यापीठ किंवा संसदेच्या कायद्याने तसा अधिकार दिलेली संस्था देऊ शकते. 'डिप्लोमा' हा शब्द त्या कलमात येत नाही, म्हणून कोणताही क्लास त्याच्या आधी 'पीजी' छापून मोकळा होतो. माहितीपत्रकावर अमेरिकेतल्या एसटीसी या टेक्निकल रायटरांच्या संघटनेची 'मान्यता' दिसली तर तिथेच उठा. 1953 पासूनची ही संघटना जानेवारी 2025 मध्ये बंद झाली.

सगळ्यात पक्की खूण पावतीवर असते. कायद्याने मान्य असलेल्या पात्रतेच्या शिक्षणाला जीएसटी माफ आहे, कोचिंगला 18 टक्के लागतो. पावतीवर 18 टक्के लावलेले असतील, तर हा मान्य अभ्यासक्रम नाही हे संस्थेने स्वतःच सरकारला लिहून दिलेलं आहे. उलट अर्थ मात्र काढू नका. जीएसटी नाही म्हणजे मान्यता आहे असं होत नाही, लहान क्लासची नोंदणीच नसते. त्यामुळे पैसे देण्याआधी पावतीचा नमुना मागा आणि गुणपत्रिकेवर कोणत्या विद्यापीठाचं नाव येणार ते ईमेलवर लेखी घ्या. कोर्स ऑनलाइन असेल तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत तोच अभ्यासक्रम, त्याच वर्षासाठी आहे का ते पाहा.

खरं नुकसान 'बिनव्याजी हप्त्यां'त होतं. फॉर्म भरताना मोबाइलवर ओटीपी येतो आणि काउन्सेलर तो विचारून घेते. तो प्रवेशाचा नसतो, कर्जाचा असतो. कर्ज कंपनी पूर्ण फी त्याच वेळी संस्थेला देते. दोन महिन्यांनी शिक्षक यायचे बंद झाले तरी हप्ता तुमच्याच खात्यातून जातो, आणि थांबवला तर सिबिल खराब होतो. कर्जाचं माहितीपत्रक मागून त्यातला 'कूलिंग-ऑफ' कालावधी बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने तो किमान एक दिवसाचा असतो, आणि तेवढ्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. पैसे संस्थेकडे गेलेले असतात, म्हणून कर्ज रद्द करण्याचा ईमेल कर्ज कंपनीला आणि संस्थेला एकाच वेळी करा.

शिकवण्याची पारखही पैसे देण्याआधीच करा. क्लासच्या माहितीपत्रकात डीटा, फ्लेअर, फ्रेममेकर अशी मॅन्युअल लिहिण्याच्या पद्धती-सॉफ्टवेअरची नावं असतात आणि वर्गात पडद्यावर मेनू दाखवले जातात. विद्यार्थ्याने लिहिलेली कृती कोणी लाल खुणा करून परत देतं का, एवढं विचारा. नाहीतर शेवटी सगळ्यांच्या हाती एकच तयार पोर्टफोलिओ पडतो: मिक्सरचं मॅन्युअल, वर फक्त नाव वेगळं. चौथ्या पायरीत 'बटण चालू करा', पाचवीत 'झाकण घट्ट बसवा'. मुलाखत घेणाऱ्याला ही चूक लगेच दिसते, आणि पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखक म्हणून दुसऱ्याचंच नाव असतं. गूगलचे 'टेक्निकल रायटिंग वन' आणि 'टू' हे कोर्स आणि मायक्रोसॉफ्टची शैलीपुस्तिका फुकट आहेत. आधी तिथे महिनाभर हात चालवा.

अडकलाच असाल तर पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि 'हमखास प्लेसमेंट'चे व्हॉट्सअॅप मेसेज आजच जपून ठेवा. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. दाद न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जा, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. संस्था तिथे "आम्ही शिक्षणसंस्था, आम्हाला ग्राहक कायदा लागू नाही" म्हणेल. कोचिंग क्लास त्या सवलतीत बसत नाहीत, असं राष्ट्रीय आयोगाने 2020 मध्ये म्हटलं आहे. 18 टक्क्यांची पावती त्याच वेळी पुढे करा.