काच न काढताच काच बसवल्याचं बिल

जुन्या गाडीत पावसाचं पाणी यायला लागलं की मालक धास्तावतो, आणि धास्तावलेलं गिऱ्हाईक लांबून ओळखणारी मंडळी या धंद्यात आहेतच. मला भेटलेल्या गॅरेजवाल्याने तीन कामांचे पैसे घेतले: पुढची काच काढून नव्याने पेस्ट करणं, आतलं कार्पेट सुकवणं आणि खालून अंडरबॉडी कोटिंग. पहिलं काम केलंच नाही, दुसरं वरवर उरकलं आणि तिसऱ्याने गाडीला नवीनच दुखणं लावून दिलं.

तक्रार साधी होती. मोठा पाऊस झाला की ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढे, पाय ठेवतो तिथलं कार्पेट ओलं व्हायचं. सकाळी काचांवर आतून वाफ धरलेली असायची, कोंदट वास यायचा. गॅरेजवाल्याने काचेच्या कडेच्या रबरावर अंगठा दाबला आणि म्हणाला, "सर, बीडिंग गेलीय. काच काढून परत पेस्ट करावी लागेल." झालं निदान! गाडीवर मगभर पाणी ओतून बघितलं नाही. ओल पावसात येते की कोरड्या दिवशी एसी लावल्यावर, हेही विचारलं नाही.

खरं तर हा पहिला प्रश्न. एसीची ड्रेन पाइप तुंबली तर कडक उन्हातही आत पाणी सांडतं. ते स्वच्छ आणि बिनवासाचं असतं. हीटरचा कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर, गळत असेल तर ओल चिकट लागते, कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) गोडसर वास येतो, पुढच्या काचेवर आतून तेलकट थर धरतो आणि कूलंटची पातळी उतरत जाते. या दोन्हीत काच, रबर, बीडिंग यांचा काही संबंध नसतो. न विचारता थेट काचेवर बोट ठेवणाऱ्याला दुखणं शोधायचंच नसतं.

गाडी परत मिळाली तेव्हा आत सेंटचा घमघमाट होता आणि कार्पेट हाताला कोरडं लागत होतं. पुढच्या जोरदार पावसात पुन्हा तेच. मग म्हणाला, "आता खालचा पत्रा सडला असणार, तो बदलू." तिथून गाडी उचलली आणि एका वयस्कर डेंटरकडे नेली.

त्यांनी काचेला हातही लावला नाही. बॉनेट उघडलं, वायपरखालची प्लास्टिकची जाळी दाखवली आणि वायपरच्या नटावर नखाने खरवडलं. गंज आणि धुळीचा घट्ट थर. "तुमच्या गाडीची काच काढायची तर आधी वायपर निघतात, मग ही जाळी. हा नट कित्येक वर्षांत फिरलेला नाही." जाळी उचलली तर खाली कुजलेल्या पानांचा गच्च थर, तळातल्या पानांची काळी माती झालेली, वरची अजून पानं म्हणून ओळखू येत होती. त्या मातीखाली पाणी जायची भोकं पार बुजली होती. काचेच्या कडेचं रबर उचलून बघितलं तर जुना काळा गम अखंड, कुठे कापल्याची खूण नाही. त्यावर साचलेली धूळसुद्धा न पुसता सिलिकॉनची एक रेघ ओढलेली. काच काढून बसवल्याचे म्हणून घेतलेले पैसे या रेघेचे होते.

ही रेघ नुसती निरुपयोगी नाही, तापदायक आहे. सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन ॲसिड सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज धरतो. शिवाय त्याचा अंश उरला तर पुढे खरंच काच बसवायची वेळ आल्यावर चांगला गम आणि रंग तिथे नीट धरत नाहीत. खरवडून काढण्यात बराच वेळ गेला, तोही आमच्याच पैशाने.

मग त्यांनी कार्पेट उचललं, कोरड्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरली, मला टॉर्च देऊन आत बसवलं आणि साधा पाइप घेऊन पाणी सोडायला सुरुवात केली. प्रेशर वॉशर नाही. त्याच्या जोराने पाणी एरवी जात नाही तिथेही घुसतं. आधी दाराची खालची बाजू, मग वर सरकत काच, छत. एका वेळी एकच जागा, बराच वेळ. काचेवर कितीही पाणी सोडलं तरी आत थेंब नाही. जाळीखाली पाणी सोडल्यावर मात्र ते तिथे साचून वर चढलं आणि ब्लोअरच्या तोंडातून डॅशबोर्डखाली उतरलं. पावडरीत त्याची वाट स्पष्ट उमटली. केबिन फिल्टर काढला तर तोही भिजलेला, कडेला पानांचा चुरा. भोकं मोकळी केल्यावर पाणी पुढच्या चाकामागून भळाभळा खाली पडलं. एवढंच दुखणं होतं.

"सुकवलेल्या" कार्पेटखालचा नमदा तळव्याने दाबला तर पाणी वर आलं. बऱ्याच गाड्यांची वायरिंग याच नमद्याखालून जाते. आमच्या एका कपलरच्या (वायरींच्या जोडाच्या) पिना हिरव्या पडल्या होत्या.

आणि ते कोटिंग. दारात काचेच्या फटीतून पाणी जाणारच, तशीच रचना असते. दाराच्या पॅडमागे असलेला प्लास्टिकचा कागद ते केबिनमध्ये येऊ देत नाही आणि तळाच्या भोकांतून ते निघून जातं. गॅरेजवाल्याने काळा फवारा मारताना ती भोकंच बुजवली. ब्रेक मारला की दारात पाणी हिंदकळल्याचा आवाज यायचा तो यामुळे. डेंटरनी भोकं प्लास्टिकच्या केबल टायने मोकळी केली. तार घातली असती तर आतला रंग ओरखडून गंजाला निमंत्रण मिळालं असतं.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा त्याने बिल पुढे केलं. तोंडी "काच काढून" म्हणाला होता, पण बिलावर एकच ओळ होती: वॉटर लिकेज काम. काच काढली असं त्यात कुठेच लिहिलं नव्हतं, त्यामुळे पकडायला काही उरलं नाही. "जुन्या गाडीत एवढं चालायचंच सर," वर हे! लिकेजचं काम देत असाल तर पाणी कुठून येतं ते आधी पाइप लावून, तुम्हाला आत बसवून दाखवायला सांगा. काढायचे भाग बिलात नावानिशी लिहून घ्या. आणि काच काढणार असतील तर त्या वायपरच्या नटांचा आधी एक फोटो काढून ठेवा.