पी की जे, चार की पाच, ॲम्प की डीआय? हौशी बँडमधल्या बेसवाल्यासाठी

बँडमध्ये माणूस बेसिस्ट, म्हणजे खालच्या सुरांची, जाड तारांची बेस गिटार वाजवणारा, कसा होतो, ही गोष्ट बहुतेक ठिकाणी सारखीच असते. तीन गिटारवाले एकत्र जमतात. चौथ्या रविवारी लक्षात येतं की तिघंही एकच कॉर्ड बडवताहेत. मग त्यातल्या सगळ्यात भिडस्त माणसाच्या गळ्यात बेस पडतो. माझ्या गळ्यात तो असाच पडला. गावाकडच्या मामाला कौतुकानं सांगायला गेलो, "मामा, मी आता बेस वाजवतो." मामा म्हणाला, "बेस वाजवत असशील रं, पण वाजवतोस काय?"

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. राहायला डोंबिवलीत, जॅमरूम (सरावाची खोली) ठाण्यात, वर्षाकाठी सात-आठ कार्यक्रम: एखादं कॉलेज, एखादा गणेशोत्सव, मित्राच्या लग्नाची संध्याकाळ. एवढ्यात मी तीन बेस आणि दोन ॲम्प (आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या पेट्या) घेतले आणि त्यातले बरेचसे विकले. त्यामुळे नव्यानं बेस घ्यायला निघालेले लोक हल्ली मला फोन करतात. त्या प्रत्येकाला मी आधी एकच सांगतो. दुकानात हेडफोन लावून एकट्यानं वाजवताना जो आवाज आवडतो, तो ड्रम, दोन गिटार आणि कीबोर्डच्या गर्दीत सापडेलच असं नाही. खालची सगळी तुलना त्या गर्दीच्या बाजूनं केलेली आहे. तुम्ही घरीच रेकॉर्डिंग करणारे असाल, तर माझे निम्मे निकाल उलटे करून वाचलेत तरी हरकत नाही.

पी की जे

फेंडर या अमेरिकन कंपनीचा प्रिसिजन बेस १९५१ साली आला आणि जॅझ बेस १९६० साली. आज कुठल्याही कंपनीचा बेस उचला, तो बहुधा या दोघांपैकी एकाच्या घराण्यातला निघतो. पट्टीचे लोक त्यांना पी आणि जे एवढंच म्हणतात. दोघांच्या तारांची वाजती लांबी सारखीच, ३४ इंच. फरक आहे तो नेक (तारा दाबायची लांब मान) आणि पिकअपमध्ये (तारेची थरथर विजेत बदलणारं चुंबक).

जुन्या धाटणीच्या पी बेसचा नेक नटपाशी, म्हणजे वरच्या टोकाला, पावणेदोन इंच रुंद असतो आणि जेचा दीड इंच. पाव इंच म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दोन तासांच्या प्रॅक्टिसनंतर अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला की तो पाव इंच नेमका कळतो. हल्लीचे काही पी बेस जरा अरुंदही येतात, तेव्हा नावावर न जाता पहिल्या चार फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) चार बोटं ठेवून बघा. हात लहान असेल तर जे सोपा जातो, यात वाद नाही.

आवाजाचं गणित मात्र वेगळं आहे. पी बेसवर एकच पिकअप असतो, तोही दोन तुकड्यांत कापलेला. ही रचना १९५७ पासूनची. ते दोन तुकडे एकमेकांच्या उलट जोडलेले असल्यामुळे विजेची घुरघुर आपसात रद्द होते. एक व्हॉल्यूम, एक टोन, संपलं. बिघडवायला फार काही हातात नसतं, आणि नवशिक्यासाठी ही मोठी सोय आहे.

जेवर दोन पिकअप असतात आणि दोघांना स्वतंत्र व्हॉल्यूम. दोन्ही पूर्ण उघडे ठेवले तर घुरघुर इथेही रद्द होते, पण आवाजाचा मधला भाग थोडा पोकळ होतो. एक पिकअप जरा मागे घेतला की आवाज एकदम बोलायला लागतो. ब्रिजकडचा (तारांच्या खालच्या टोकाकडचा) पुढे ठेवला तर तो थोडा नाकातला, गुरगुरणारा आवाज येतो, ज्यासाठी लोक जे घेतात. गोम अशी की नॉब मागे फिरवल्याबरोबर घुरघुरही परत येते. जॅमरूममध्ये ती खपून जाते. एका सोसायटीच्या हॉलमध्ये मात्र, जुनं वायरिंग, डोक्यावर ट्यूबलाइटची रांग, आणि आमचं संथ गाणं सुरू व्हायच्या आधीची ती शांतता. माझ्या ॲम्पमधून फ्रिजसारखा आवाज येत होता. पहिल्या रांगेतले एक आजोबा मागे वळून म्हणाले, "अरे, तो पंखा बंद करा जरा."

दोन गिटारांच्या बँडसाठी म्हणून माझा कौल पीला. दोन गिटार आणि कीबोर्ड मिळून मधली सगळी जागा खातात. पीचा जाड, थोडा बोथट आवाज त्यांच्या खाली, पायानं वाजवायच्या किक ड्रमच्या शेजारी जाऊन बसतो. एकटा ऐकला तर कंटाळवाणा वाटतो, आणि दुकानात लोक त्याला नाकारतात ते याच कारणानं. एकच गिटार असेल, स्लॅप (अंगठ्यानं तार ठोकून) वाजवायचा असेल, बेसच्या ओळींना पुढे यायचं असेल, तर जे. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांमागचा जेम्स जेमर्सन पी वाजवायचा आणि जॅको पास्टोरियस फ्रेट काढून टाकलेला जे, एवढं लक्षात ठेवलं तरी दोघांचे स्वभाव कळतात.

मधला मार्ग पीजेचा: पुढे पीचा पिकअप, मागे जेचा. यामाहाचा टीआरबीएक्स १७४ हा या जातीचा, आपल्याकडे सहज मिळणारा बेस. पहिलाच बेस असेल आणि बँड अजून धड ठरलेला नसेल, तर मी हाच प्रकार सुचवतो.

चार तारा की पाच

बाहेरच्या व्हिडिओंमध्ये हा वाद मेटल वाजवणारे आणि न वाजवणारे असा रंगतो. आपल्याकडे तो गायकाच्या पट्टीवर ठरतो, आणि हे मला फार उशिरा उमजलं.

चार तारांच्या बेसवर सगळ्यात खालचा सूर ई, म्हणजे हार्मोनियमवरची पांढरी तीन, साधारण ४१ हर्ट्‌झ. आता आमचा गायक गातो काळी एकमध्ये. म्हणजे ज्या सुरावर गाणं घरी येतं, तो खर्जातला षड्‌ज माझ्या बेसवर नाहीच. मला तो ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर, वरच्या सप्तकात घ्यावा लागतो. मुखडा संपून समेवर येताना जिथे जमीन हलायला हवी, तिथे आवाज उलट वर चढतो. पाचव्या बी तारेवर हाच सूर दुसऱ्या फ्रेटवर खाली मिळतो. काळी एक आणि काळी दोनमध्ये गाणारे पुरुष गायक आपल्याकडे ढिगानं आहेत. हिंदी-मराठी गाणी वाजवणाऱ्या बँडसाठी पाच तारांची बाजू इथे खरोखर भक्कम आहे.

गायिका काळी चार किंवा पाचमध्ये गात असेल, तर ही अडचणच येत नाही. ते सूर ई तारेवर आरामात मिळतात. पांढरी दोनमधली गाणी असतील तर ई तार एक स्वर उतरवून डी करा आणि काम भागवा.

पाच तारांची किंमतही मोजावी लागते. नेक रुंद, वजन जास्त, आणि न वाजणारी तार सतत दाबून ठेवायची नवी सवय. स्वस्तातल्या पाच-तारीमध्ये बी तार अनेकदा ढिली, चिखलात पाय पडल्यासारखी वाजते. दुकानात बी तारेचा पाचवा फ्रेट आणि मोकळी ई तार लागोपाठ वाजवा. सूर एकच आहे. दोन्ही एकाच वाद्यातून आल्यासारखे वाटले तर घ्या, नाहीतर त्याच पैशात चार तारांचा चांगला बेस येतो. आणखी एक, खालचे सूर लहान स्पीकरमधून फारसे बाहेर येतच नाहीत. आठ इंची स्पीकरवर पाचव्या तारेची परीक्षा घेऊ नका.

मी सध्या चारवर आहे. गायक बदलला नाही तर पुढच्या वर्षी पाचवर जाईन.

ॲक्टिव्ह की पॅसिव्ह, हे थोडक्यात. ॲक्टिव्ह बेसच्या पोटात ९ व्होल्टची बॅटरी आणि छोटा प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारं सर्किट) असतो, पॅसिव्हमध्ये यातलं काही नसतं. आवाज तेथूनच कमी-जास्त करता येतो, ताकदही जास्त. पण केबल खोचलेली राहिली की बॅटरी झिजत राहते, बेस वाजो न वाजो. मी एकदा रात्रभर केबल तशीच ठेवून झोपलो होतो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या अंतऱ्यात आवाज आधी फाटला, मग बारीक झाला, मग गेला. ॲक्टिव्हच घ्यायचा असेल तर बॅटरीशिवायही चालणारा, म्हणजे पॅसिव्हचं बटण असलेला घ्या.

ॲम्प की डीआय

लोक बेस निवडायला दोन महिने घेतात आणि ॲम्प दुकानदार सांगेल तो उचलतात. माझ्या मते उलट व्हायला हवं.

पहिल्याच वर्षी उत्साहाच्या भरात मी पंधरा इंची स्पीकरचा एक जुना कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) घेतला. आवाज जबरदस्त. वजन बावीस किलो. डोंबिवली स्टेशनच्या पुलावर तो एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला ड्रमर असा धरून चढवला, आणि वर पोचल्यावर ड्रमर म्हणाला, "माझा ड्रमसेट मी घरी ठेवून येतो, तू हे रोज आणतोस?" आठ महिन्यांत विकला.

जॅमरूममध्ये बेसचा ॲम्प असतोच. कार्यक्रमाला साउंडवाला असतो आणि बेस त्याच्या मिक्सरमधून मोठ्या स्पीकरवर जातो. उरतं घर, आणि तिथे शेजारी असतात. मग स्वतःचा मोठा ॲम्प नेमका लागतो कधी? माझ्या हिशेबात वर्षातून दोनदा.

त्याऐवजी डीआय बॉक्स (बेस थेट मिक्सरला जोडणारी छोटी पेटी), किंवा डीआयची सोय असलेला प्रीॲम्प पेडल घ्या. बेसमधून निघणारा सिग्नल नाजूक असतो. पाच-सहा मीटरपुढे साध्या केबलवरून तो धार हरवतो आणि वाटेतली घाण गोळा करतो. डीआय त्याचा बॅलन्स्ड, म्हणजे वाटेतली घाण न धरणारा, सिग्नल करतो, मग माइकच्या एक्सएलआर केबलवरून तीस-चाळीस मीटर गेला तरी बिघडत नाही. पेटी सँडविचच्या डब्याएवढी, खांद्यावरच्या बॅगेत मावते. त्यावर ग्राउंड लिफ्ट नावाचं बटण आहे ना ते पाहून घ्या. स्टेजवर घूं सुरू झालं की पहिला हात त्यावर जातो. ॲक्टिव्ह डीआय बॅटरीवर किंवा मिक्सरच्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर (माइकच्या केबलमधूनच येणारी वीज) चालतो. काही मंडळांच्या साउंडवाल्यांकडे फँटम "चालू आहे" असं असतं आणि चालू नसतं, म्हणून बॅटरी जवळ असू द्या.

डीआयची खरी उणीव अशी की तुम्हाला स्वतःचा आवाज साउंडवाल्याच्या मर्जीनं ऐकू येतो. मॉनिटर (वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) नसेल तर बेस समोरच्या खुर्च्यांना ऐकू जातो आणि तुम्हाला नाही. माझ्या वर्षातल्या दोन वेळा याच. शिवाय तुमची जॅमरूम म्हणजे कुणाचं तरी गॅरेज असेल, ड्रमसेट खरा असेल आणि ॲम्प नसेल, तर डीआय घेऊन काही उपयोग नाही. तिथे ॲम्पच हवा.

अशा वेळी वॉटच्या आकड्याला फसू नका. गिटारवाल्याच्या ३० वॉटच्या ॲम्पपुढे बेसचा ३० वॉटचा ॲम्प मुका होतो, कारण खालचे सूर तितक्याच जोरात ऐकू यायला कितीतरी जास्त ताकद लागते. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. खऱ्या ड्रमबरोबर वाजवायचं तर १०० वॉटच्या खाली जाऊ नये. बारा इंची स्पीकरचा फेंडर रंबल १०० साधारण दहा किलोचा आहे आणि त्याला मिक्सरकडे जाणारा एक्सएलआरही आहे. लोकलनं जाणाऱ्या माणसानं एवढ्या वजनापर्यंतच विचार करावा. घरच्यासाठी म्हणून गिटारचा ॲम्प वापरू नका. हळू आवाजात चालतो, रंगात आलात की स्पीकरचा कागद फाटतो.

मंडपातल्या स्टेजवरची एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. एक्स्टेन्शन बोर्ड दोन पिनांचा असेल, अर्थिंग नसेल, तर बेसच्या तारांवर हात असताना ओठ माइकला लागले की चटका बसतो, आणि तो गमतीचा नसतो. घुरघुर जावी म्हणून कुणी ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन काढायला निघाला तर त्याला थांबवा. घुरघुर सहन करा.

बेसवर घातलेल्या पैशांतून थोडे मागे ठेवा. रुंद पट्टा हवा, कारण चार किलोचं लाकूड दोन तास खांद्यावर असतं. ट्यूनर हवा, आणि एक सेटअप, म्हणजे नेक आणि तारा नीट जुळवून घेणं. आपल्या पावसाळ्यात नेक फुगतो, वाकतो, तारा फ्रेटवर खडखडायला लागतात. जून आणि नोव्हेंबरमध्ये ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) पाव फेरा इकडे-तिकडे करावा लागेल असं धरूनच चाला. राउंडवाउंड (गोल तारेनं गुंडाळलेल्या) तारा दमट हवेत लवकर गंजतात. फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीनं गुंडाळलेल्या) महाग असतात, पण वर्षानुवर्षं टिकतात आणि पी बेसवर शोभतात. जुना बेस घेत असाल तर हेडकडून ब्रिजकडे एका डोळ्यानं बघा. नेक वाकलेला असेल तर सरळ होतो, पिळलेला असेल तर नमस्कार करून निघा.

आणि दुकानात जाताना सोबत गिटारवाल्याला नेऊ नका. तो दहा मिनिटांत भिंतीवरची सगळ्यात महागडी गिटार काढून वाजवत बसतो आणि तुम्हाला तुमचा बेस ऐकू येत नाही. ड्रमरला न्या. त्याला काउंटरवर बोटांनी ठेका धरायला सांगा, टोनचा नॉब अर्ध्यावर ठेवा आणि त्या ठेक्याखाली एकच सूर पाच मिनिटं वाजवा. दुकानदार वैतागेल. वैतागू द्या.