वेस्टर्न की ड्रेसेज : कोकणात घोडा पाळणाऱ्याने कोणते खोगीर घ्यावे?

अलिबागपासून मुरूडपर्यंतच्या किनारपट्टीत ज्याने स्वतःच्या वाडीत घोडा बांधला आहे किंवा बांधायचे ठरवले आहे, त्याला घोड्याच्या खालोखाल मोठा निर्णय घ्यावा लागतो तो खोगिराचा. रायडिंग क्लबात शिकताना तिथे जे असेल त्या खोगिरावर मांड टाकायची असते. स्वतःचा घोडा आला की निवड आपल्यावर येते आणि ती चुकली तर त्याची शिक्षा घोड्याच्या पाठीला भोगावी लागते. आमच्याकडे दोन जनावरे आहेत : ५४ इंच उंचीचा, आखूड पाठीचा, गोल अंगाचा देशी तट्टू, ज्यावर माझी मुलगी बसते, आणि ६० इंचांची मारवाडी घोडी, जिच्यावर मी बसतो. दोघांवरही आम्ही वेस्टर्न आणि ड्रेसेज ही दोन्ही प्रकारची खोगिरे काही वर्षे वापरली आहेत, आणि पुढे जे लिहिले आहे ते त्याच वापरावर आधारलेले आहे.

वेस्टर्न खोगिराचा आकार समजून घ्यायचा तर ते कोणत्या कामासाठी घडले हे आधी पाहावे लागते. स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोत नेलेले खोगीर तिथल्या गुराख्यांच्या, म्हणजे व्हाकेरोंच्या हातात बदलत गेले आणि पुढे अमेरिकेतल्या कुरणांवर आजच्या रूपाला आले. दिवस दिवस घोड्यावर बसायचे, फासा टाकून जनावर पकडायचे आणि दोराचे टोक खोगिरालाच गुंडाळून त्या जनावराचा हिसका सोसायचा, हे त्याचे काम. पुढच्या बाजूला जो उभा खुंट दिसतो, ज्याला हॉर्न म्हणतात, तो या दोरासाठी आहे. नवख्या स्वाराने धरून बसावे म्हणून तो दिलेला नाही. हिसका सोसता यावा यासाठी आतला सांगाडा, ज्याला ट्री म्हणतात, तो लाकडाचा करून त्यावर कच्चे कातडे चढवतात, हल्ली फायबरग्लासही वापरतात, आणि त्याच्या दोन रुंद पट्ट्या कण्याच्या दोन्ही बाजूंना पाठीवर लांबवर टेकतात.

ड्रेसेजचे खोगीर अगदी वेगळ्या गरजेतून आले. घोड्याला पायरी पायरीने शिकवत न्यायचे आणि २० बाय ६० मीटरच्या आखीव मैदानात, पाहणाऱ्याला जाणवणारही नाही इतक्या बारीक इशाऱ्यावर त्याच्याकडून चाल बदलून घ्यायची, अशी ही विद्या आहे. ऑलिंपिकमध्ये ती १९१२ पासून आहे. आपल्याकडे तिचे नाव बऱ्याच जणांनी प्रथम ऐकले ते २०२३ मध्ये, हांगझोऊ इथल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या चौघांच्या संघाने ड्रेसेजचे सुवर्णपदक मिळवले तेव्हा. त्यांच्यातलाच अनुष अगरवाला पुढच्या वर्षी पॅरिसला ऑलिंपिक ड्रेसेजमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. या खोगिराची बैठक खोल असते, बाजूचे चामडे लांब आणि सरळ खाली उतरलेले असते, मांडीच्या पुढे आधाराची घट्ट उशी असते आणि तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा, ज्यांना बांधतात ते पट्टे मुद्दाम लांब ठेवलेले असतात, म्हणजे बकलांचा गठ्ठा स्वाराच्या पायाखाली येत नाही. पायाची पोटरी आणि घोड्याची कूस यांच्यामध्ये शक्य तितके कमी चामडे राहावे, हा त्यामागचा हेतू.

आता पाठीकडे येतो, कारण माझ्या मते बहुतांश निर्णय इथेच होतो. घोड्याला सहसा बरगड्यांच्या १८ जोड्या असतात, आणि स्वाराचे वजन शेवटच्या बरगडीच्या अलीकडे, मानेच्या बाजूलाच राहिले पाहिजे. पलीकडच्या कमरेला खालून बरगड्यांचा आधार नसतो. खांद्याच्या पात्यापासून शेवटच्या बरगडीपर्यंतची ही जागा आपल्या भीमथडीसारख्या लहान चणीच्या घोड्यांत फार थोडी असते. वेस्टर्न खोगिराच्या पट्ट्या आणि त्याखालचा चामड्याचा घेर लांब असल्यामुळे त्याचे मागचे टोक अशा घोड्याच्या कमरेवर जाते आणि पावलागणिक तिथे दाबत राहते. गोल कापलेल्या आखूड घेराची वेस्टर्न खोगिरे मिळतात, परंतु घेर आखूड झाला तरी आतली पट्टी आखूड झाली आहे की नाही, हे खोगीर उलटे करून हाताने चाचपल्याशिवाय कळत नाही.

हे मी नुकसान करून घेऊन शिकलो. पहिले वेस्टर्न खोगीर घेताना व्यापाऱ्याने ‘कुठल्याही घोड्याला बसते’ असे सांगितले आणि मी घोड्याच्या पाठीवर ठेवून न पाहता ते मान्य केले. दोन महिन्यांनी एका सकाळी तट्टाला खरारा करताना, कमरेच्या सुरुवातीला, कण्याच्या डाव्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढी जागा हाताला गरम लागली. तिथे बोट टेकले की कातडी थरथरायची आणि तो मागचा पाय आपटायचा. पाठ लागली होती. महिनाभर त्याच्यावर काहीही ठेवले नाही, सूज उतरली, पण त्या जागी उगवलेले केस पांढरे आले आणि आजही ते तसेच आहेत.

मारवाडी घोडीची अडचण नेमकी उलट निघाली. तिची पाठ पुरेशी लांब आहे, मात्र मानेच्या मुळाशी खांद्यांमध्ये जो उंचवटा असतो, ज्याला विदर्स म्हणतात, तो तिच्यात उंच आणि अरुंद आहे. बाजारातल्या बहुतेक वेस्टर्न खोगिरांचे सांगाडे अमेरिकेतल्या क्वार्टर हॉर्स या रुंद, भरदार पाठीच्या घोड्याच्या मापाने केलेले असतात. ते अरुंद पाठीवर ठेवले की पुढून खाली बसतात आणि विदर्सवर टेकतात. मग त्याखाली दोन-दोन, तीन-तीन घोंगड्या घातल्या जातात, ज्यामुळे वरची जागा मोकळी झाल्यासारखी दिसते, परंतु बाजूंनी दाब वाढतो. स्वार वर बसलेला असताना विदर्स आणि खोगीर यांच्यामध्ये दोन ते तीन बोटे सहज गेली पाहिजेत, ही साधी कसोटी दोन्ही प्रकारांना लागू आहे.

ड्रेसेजच्या खोगिराला इथे एक मोठा फायदा आहे. त्याच्या खालच्या दोन गाद्यांत बहुधा लोकर भरलेली असते आणि जाणता कारागीर ती काढून, घालून, सरकवून पाठीच्या आकाराला आणू शकतो. भाषेत आपण खोगीरभरती हा शब्द निरुपयोगी भरण्याला उद्देशून वापरतो, परंतु घोड्याच्या बाजूने पाहिले तर खोगिरात त्या भरतीइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही. वेस्टर्नचा सांगाडा ज्या मापाचा आहे त्याच मापाचा राहतो. अर्थात, तो सांगाडा घोड्याला खरोखर बरोबर बसत असेल तर त्याच्या रुंद पट्ट्या स्वाराचे वजन मोठ्या क्षेत्रावर पसरवतात, आणि चार-पाच तासांच्या संथ रपेटीत मोठ्या घोड्याला त्याचा आरामच मिळतो. हे श्रेय वेस्टर्नला द्यायलाच हवे.

वजनाचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. चामड्याचे वेस्टर्न खोगीर साधारणपणे १३ ते १८ किलो भरते, ड्रेसेजचे ६ ते ९ किलो. स्वार आणि साज मिळून घोड्याच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांच्या आत राहावेत, असा एक सर्वसाधारण दंडक घोडेवाल्यांमध्ये मानला जातो. आमचा तट्टू २८० किलोंचा, म्हणजे त्याची मर्यादा ५६ किलो. मुलीचे वजन ४६ किलो. सात किलोंच्या ड्रेसेज खोगिरासह ती ५३ वर राहते, पंधरा किलोंच्या वेस्टर्नसह ६१ वर जाते. घोडी ३८० किलोंची असल्याने तिची मर्यादा ७६ किलो आणि माझे वजन ६४. तिथेही चामड्याचे वेस्टर्न घातले की आकडा ७९ होतो. कृत्रिम कापडाचे वेस्टर्न खोगीर आठ-दहा किलोंत मिळते आणि त्याने हा आकडा मर्यादेत येतो. शिवाय पंधरा किलोंचे ओझे रोज खांद्याच्या उंचीला उचलून घोड्याच्या पाठीवर अलगद ठेवायचे असते, धाडकन टाकायचे नसते, हे एकट्याने घोडा सांभाळणाऱ्याने लक्षात घ्यावे.

शिकण्याच्या दृष्टीने दोन्हींत मोठा फरक आहे. ड्रेसेजच्या खोगिरात कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत येतात, दोन्ही हातांत लगाम असतो आणि बसण्यातला थोडासा कलही घोड्यापर्यंत पोहोचतो, त्यामुळे चुका झाकल्या जात नाहीत. दुडक्या चालीत सुरुवातीला फार धक्के बसतात. वेस्टर्नमध्ये पुढचा फुगवटा आणि मागची उंच पाठ स्वाराला धरून ठेवतात, रिकिबी रुंद असतात, लगाम एका हातात सैल धरून मानेला स्पर्श करून घोडा वळवला जातो, आणि भित्र्या माणसाचा धीर लवकर चेपतो. मात्र मानेच्या स्पर्शावर वळणे हे घोड्याला शिकवावे लागते. आपल्याकडचे बहुतेक घोडे दोन हातांच्या लगामावर तयार झालेले असतात, आणि केवळ खोगीर बदलल्याने ते वेस्टर्न होत नाहीत. शिकवणारे उस्तादही बहुतेक इंग्लिश पद्धतीतलेच, म्हणजे ड्रेसेज ज्या पद्धतीत मोडते तिच्यातलेच भेटतात. ज्याला खरोखर मांड पक्की करायची आहे त्याने पहिली दोन वर्षे ड्रेसेजमध्ये काढावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. उड्या मारण्याची आवड असेल तर मात्र दोन्हीही उपयोगाची नाहीत, त्यासाठी वेगळे खोगीर लागते.

आपल्या भूभागावर ही खोगिरे कशी वागतात, हेही पाहिले पाहिजे. ओहोटीच्या वेळी नागावच्या किंवा काशीदच्या ओल्या, घट्ट वाळूवर दोन्ही तितकीच सुखाची वाटतात. किनाऱ्यामागे सुरूच्या बनात शिरलो किंवा आंब्याच्या जुन्या बागेतून जायची वेळ आली की फांद्या खाली आलेल्या असतात आणि घोड्याच्या मानेवर वाकावे लागते. अशा वेळी वेस्टर्नचा हॉर्न नेमका पोटात घुसतो. चढावर पुढे झुकतानाही तेच होते. उलट जांभ्या दगडाच्या घसरड्या पाखाडीवरून हळूहळू खाली उतरताना वेस्टर्नची बैठक जो भरवसा देते तो ड्रेसेजच्या लांब सोडलेल्या रिकिबीत मिळत नाही. ज्याचे फिरणे मुख्यतः डोंगरउतारांचे आहे, त्याने या एका कारणासाठी वेस्टर्नचा विचार केला तर ते योग्यच ठरेल, फक्त खोगीर मागे किंवा पुढे सरकू नये म्हणून छातीपट्टा आणि शेपटीखालचा पट्टा दोन्ही जोडावेत.

खरी कसोटी हवेची आहे. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, अलिबागकडे त्याहून कमी, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीसुद्धा ओलसर राहतात आणि चामड्यावर चार दिवसांत हिरवट-पांढरी बुरशी येते. वेस्टर्न खोगिरात चामडे पुष्कळ असते, त्यावर नक्षीकाम असेल तर बुरशी त्या प्रत्येक खोबणीत बसते आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने ती काढावी लागते. त्याच्या खालच्या बाजूला मेंढीच्या कातड्यासारखे लोकरी अस्तर असते, ज्यात किनाऱ्यावरची बारीक वाळू अडकते. एका रपेटीनंतर मी ते झटकले तेव्हा ओसरीवर चमचाभर वाळू पडली, आणि तीच वाळू पुढच्या खेपेला घोड्याच्या पाठीवर कानसीसारखी फिरली असती. ड्रेसेजचे पृष्ठभाग गुळगुळीत असल्यामुळे ओल्या फडक्याने पाच मिनिटांत काम होते, परंतु त्याच्या गाद्यांतली लोकर दमट हवेत घट्ट होते, गोळे धरते, आणि ती दरवर्षी तपासून घ्यावी लागते. गोड्या पाण्याने खार धुणे, सावलीत वाळवणे, ग्लिसरिनचा साबण आणि थोडे तेल, हे दोन्हींना चुकत नाही. शिवण मात्र नखाने ओढून पाहत राहावे. खाऱ्या ओलीने दोरा आधी कुजतो, चामडे नंतर. कड्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा पितळेच्याच घ्याव्यात. कृत्रिम कापडाची खोगिरे या हवेत सर्वांत कमी त्रास देतात, आणि किनाऱ्यावर रोज जाणाऱ्याने त्याबद्दल कमीपणा मानू नये.

सुरक्षिततेबद्दल थोडेच सांगायचे आहे. ड्रेसेज खोगिरात रिकिबीचा पट्टा ज्या दांडीवर अडकतो तिची मागची खिट्टी उघडी ठेवावी, म्हणजे पडताना पाय अडकला तर पट्टा निसटतो. वेस्टर्नची रिकीब अशी सुटत नाही, म्हणून तिथे टाचेचे बूट आणि समोरून झाकलेली रिकीब आवश्यक समजावी. मापातही घोटाळा होतो : ज्याला ड्रेसेजचे १७ इंची खोगीर होते त्याला वेस्टर्नचे साधारण १५ इंची लागते, कारण मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

तेव्हा घोडा लहान चणीचा असेल, घरातली मुले शिकणार असतील, तर ड्रेसेज घ्यावे. मला त्यात शंका नाही. घोडा उंच आणि रुंद पाठीचा असेल, स्वाराला शिकण्यापेक्षा लांब, संथ फिरण्याची ओढ असेल, तर मापाचे, हलके वेस्टर्न घ्यावे. मारवाडी घोड्यासाठी मी सध्या ड्रेसेजच वापरतो.

खरेदीच्या वेळेबद्दल एक विनंती आहे. आपल्याकडे दसऱ्याला घोड्याची पूजा होते आणि नवा साज त्याच दिवशी चढवावा असे मनापासून वाटते. पण पावसाळ्याचे चार महिने काम नसल्याने त्या सुमारास घोड्याच्या पाठीवरचे स्नायू वर्षातले सर्वांत उतरलेले असतात, आणि तेव्हा नीट बसलेले खोगीर दोन महिन्यांच्या नियमित रपेटीनंतर अरुंद पडते. पूजेला जुनाच साज ठेवावा. डिसेंबरात, पाठ भरल्यावर, विक्रेत्याकडून खोगीर आठवडाभर वापरून पाहण्याच्या बोलीवर आणावे, खाली एकच पातळ पांढरे सुती कापड घालून वीस-पंचवीस मिनिटे दुडक्या चालीने फिरवावे आणि उतरल्याबरोबर कापड उचलून घामाचा ठसा पाहावा. कण्यावरची पट्टी कोरडी आणि दोन्ही बाजू सारख्या ओल्या असतील तर खोगीर ठेवावे. ओल्या भागात मध्येच कुठे तळहाताएवढी कोरडी जागा राहिली असेल, तर ते कितीही सुंदर असले तरी त्याच दिवशी परत पाठवावे.