एकत्र संशोधन : वर्गणी, मालकी की एकेक प्रकल्प?

दोन पाणीपुरवठा संस्था सहसा एकाच ग्राहकासाठी झगडत नाहीत. त्यामुळे एकीला सापडलेले उत्तर दुसरीला देण्यात फारसा तोटा नसतो. एकत्र यायचे कसे, एवढेच ठरवायचे असते.

सर्वांत सोपा मार्ग वर्गणीचा. अमेरिकेतील, १९६६ साली स्थापन झालेले वॉटर रिसर्च फाउंडेशन असे चालते. सभासद पैसे भरतात, संशोधन विद्यापीठे आणि सल्लागार करतात, अहवाल सर्वांना मिळतो. ब्रिटनमधील पाणी कंपन्यांची संशोधन संस्था यूकेडब्ल्यूआयआर (स्थापना १९९३) हीदेखील प्रयोगशाळा न बाळगता कामे बाहेर देते. थोड्या पैशांत पुष्कळ ज्ञान हाती येते, पण विषय बहुतेकांना चालेल असा निवडला जातो. तुमची अडचण जगावेगळी असेल, तर ती यादीत तळाशीच राहणार.

दुसरा मार्ग संशोधन संस्थेचीच मालकी घेण्याचा. नेदरलँड्समधील केडब्ल्यूआर तिथल्या पेयजल कंपन्यांच्या मालकीची आहे. तो देश वाटप-जाळ्यातल्या पाण्यात क्लोरीन शिल्लक ठेवत नाही. मग जिवाणूंना पाण्यात खायला काय उरते, वाहिनीत गाळ किती साचतो, हे वर्षानुवर्षे तपासावे लागते. यातूनच वाहिन्या बारीक ठेवण्याची पद्धत पुढे आली. रोजच्या सर्वाधिक वापराच्या वेळी पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.४ मीटर झाला, की गाळ आपोआप वाहून जातो. (आग विझवण्यापुरते पाणी हवे म्हणून आपण वाहिन्या रुंद करतो आणि गढूळपणा ओढवून घेतो, हे मला फार बोलके वाटते.) इतक्या चिवट प्रश्नाला दोन-तीन वर्षांचा सुटा प्रकल्प पुरत नाही. पण मालकी म्हणजे कायमचा खर्च. एकट्यादुकट्या लहान संस्थेने या वाटेला जाऊ नये.

तिसरा मार्ग, दोन-चार जणांनी मिळून एक प्रकल्प करण्याचा. पीएफएएस (सहजासहजी न विघटणारी मानवनिर्मित रसायने) पाण्यातून शोषून काढणाऱ्या सक्रिय कार्बनचेच पाहा. तो किती दिवस टिकेल, हे कच्च्या पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यावर बरेच अवलंबून असते. कार्बन भरलेला सारखाच प्रायोगिक स्तंभ तीन वेगवेगळ्या स्रोतांवर चालवला, तर एकट्याच्या चाचणीत न दिसणारा फरक समोर येतो. फसलेल्या चाचणीची माहितीही सर्वांना मिळेल, हे मात्र करारात आधीच लिहून घ्या.

माझा कल बहुतेकांसाठी वर्गणीकडे आहे, पण एका अटीवर. प्रकल्प समितीवर बसायला, नमुने द्यायला आणि अहवाल वाचून आपल्या केंद्रावर काय बदलायचे ते सांगायला एक अभियंता मोकळा करता आला पाहिजे. तो देता येत नसेल, तर वर्गणी भरू नका, तिसऱ्या मार्गाने एखादाच प्रकल्प करा.