नाव पेनिट्रंट, पण पेनिट्रेशन काही दाखवत नाही

तीन स्प्रे-डब्यांचं डाय पेनिट्रंट किट घेतलं ते निव्वळ नावाला भुलून. वेल्डिंगला हात लावून दोन महिने झालेत. बीड, म्हणजे वेल्डची रेघ, आता दिसायला बरी पडते, पण धातूच्या आत किती उतरली असेल, म्हणजे पेनिट्रेशन किती, हा किडा डोक्यात वळवळत होता. पेनिट्रंट म्हणजे पेनिट्रेशनच तपासणार, असा हिशोब केला आणि फसलो.

किट वाईट नाही हं. जोड साफ केला, लाल रंग (हाच पेनिट्रंट) मारला, १० मिनिटं थांबून पुसला, वर पांढऱ्या डेव्हलपरचा, म्हणजे फटीतला रंग वर ओढणाऱ्या पावडरचा, पातळ थर दिला. थोड्या वेळात बीडच्या टोकाला, जिथे मी रॉड झटकन उचलला होता, तिथल्या खळग्यात चांदणीसारखी लाल रेघ उमटली. क्रेटरचा तडा! नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं. (पुसताना क्लीनर फडक्यावर घ्यायचा. पहिल्यांदा मी थेट जोडावर मारला, तर तड्यातला रंगही धुऊन गेला.)

मग ६ मिमी पट्ट्यांचा टी-जोड तपासला. २.५ मिमीचा ६०१३ (साध्या स्टीलसाठीचा नेहमीचा) रॉड, ७० ॲम्पिअर, वेल्ड एकाच बाजूला. किटने एक लाल ठिपका दाखवला नाही. मी खूश. तरी खात्री म्हणून तो व्हाइसमध्ये धरला आणि मागच्या बाजूने हातोडा घालून उभी पट्टी वेल्डवर दुमडली. दुसऱ्याच घावात जोड उघडला. कोपऱ्यात पट्टीची मूळ धार जशीच्या तशी, ग्राइंडरचे ओरखडेसुद्धा शाबूत! माल नुसता वर बसला होता. रंग शिरतो फक्त पृष्ठभागावर उघड्या असलेल्या फटीत. वरून झाकलेलं मूळ, म्हणजे जोडाचा आतला कोपरा, त्याला कुठून दिसणार?

पुढचा जोड ३.१५ च्या रॉडने, १२० वर, आर्क आखूड ठेवून केला. तो आडवा कापला, कानस मारली, ८० पासून ४०० पर्यंत पॉलिश पेपर फिरवला आणि हातमोजे-गॉगल घालून फेरिक क्लोराइडचा (धातू कोरणाऱ्या रसायनाचा) बोळा लावला. हळूहळू वितळलेल्या भागाची कड वेगळ्या छटेत उठून आली. कोपऱ्याच्या पलीकडे जेमतेम एक मिलिमीटर, पण उतरली होती!

तडे आणि वर उघडलेली छिद्रं पकडायला किटला पाचपैकी चार तारे. एक कापला तो डब्यावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांसाठी. पेनिट्रेशनसाठी शून्य. आणि क्लीनर सगळ्यात आधी संपतो, लाल डबा अजून अर्ध्याहून जास्त भरलेला आहे.