नवीन वेबसाइट आणि गूगल सर्च कन्सोल : फुकटचं, पण कामाचं

नागपूरच्या इतवारीतलं मसाल्याचं दुकान. चाळीस पानांची वेबसाइट तयार झाली, पण गूगलवर नाव टाकून शोधलं तर पत्ता नाही. अशा वेळी गूगलकडे पैसे भरून नोंदणी करावी लागते, असा अनेकांचा समज असतो. तसं काही नसतं. साइटची गूगलमध्ये काय अवस्था आहे, हे दाखवणारं साधन गूगल स्वतःच फुकट देतं : सर्च कन्सोल. २०१५ पर्यंत त्याचं नाव वेबमास्टर टूल्स होतं. साधन उत्तम आहे. फक्त त्यातलं जे बटण लोक आधी दाबतात, तेच सर्वात कमी उपयोगाचं आहे.

सुरुवात मालकी सिद्ध करण्यापासून. ‘डोमेन’ आणि ‘यूआरएल प्रीफिक्स’ असे दोन पर्याय येतात. ‘डोमेन’ (साइटचं मूळ नाव) निवडा, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह, त्याशिवाय, एचटीटीपी, एचटीटीपीएस सगळं एकाच खात्यात येतं. त्यासाठी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, एक टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची नोंद) टाकावा लागतो आणि गाडी अडते ती इथंच. होस्टच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी नुसतं ॲट चिन्ह (@) लागतं. तिथं पूर्ण डोमेन लिहिलं तर ते दोनदा जोडलं जातं आणि रेकॉर्ड सापडत नाही. दुसरी चूक जास्त छळते : डोमेन एकीकडून घेतलेलं, नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी जिथून वाचल्या जातात ते) होस्टिंगवाल्याचे आणि रेकॉर्ड टाकला डोमेनवाल्याच्या पॅनेलमध्ये. तो कोणी वाचणारच नाही. काम झाल्यावर रेकॉर्ड काढू नका, गूगल तो अधूनमधून पुन्हा तपासतं. आणि खातं दुकानमालकाच्या जीमेलवरच उघडा. साइट बनवणाऱ्याला वापरकर्ता म्हणून जोडता येतं, उद्या काढताही येतं.

आता साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी. वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ५.५ पासून तो आपोआप तयार होतो. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते किंवा ५० एमबी ही मर्यादा आहे. चाळीस पानांना तिची काळजी नको. पण साइटमॅप उघडल्यावर ४०४ (पान सापडलं नाही) आलं, तर वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ पाहा. सर्च इंजिनांना परावृत्त करण्याची एक चौकट तिथं असते. साइट बनत असताना ती टिक करतात आणि मग विसरतात. ती टिक राहिली की वर्डप्रेस प्रत्येक पानावर ‘नोइंडेक्स’ (हे पान शोधात दाखवू नका, अशी खूण) लावतं आणि आपला साइटमॅपही बंद ठेवतं. एका टिकेपायी साइट महिनोन्महिने गायब राहू शकते.

घाईत आणखी एक गोंधळ होतो. एखादं पान शोधातून काढायचं म्हणून नोइंडेक्सही लावतात आणि रोबोट्स फाइलमध्ये, म्हणजे गूगलच्या बॉटला (पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला) काय उघडू नये ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, बंदीही घालतात. बंदी असली की बॉट पान उघडतच नाही, मग नोइंडेक्स दिसणार कुठून? नोइंडेक्सच ठेवा, बंदी काढा.

‘यूआरएल इन्स्पेक्शन’ हा या साधनाचा जीव आहे. पत्ता टाका, ‘टेस्ट लाइव्ह यूआरएल’ चालवा आणि गूगलला ते पान कसं दिसतं ते बघा. शेजारचं ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’, म्हणजे पान गूगलच्या यादीत (इंडेक्समध्ये) घेण्याची विनंती, हेच लोक आधी दाबतात ते लाडकं बटण. रोजचा कोटा मोजकाच असतो, आणि एकच पत्ता दहादा पाठवला म्हणून रांगेत पुढं सरकत नाही.

त्यापेक्षा ‘पेजेस’ अहवालातल्या दोन ओळी नीट वाचा. ‘डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे पत्ता कळलाय, गूगल अजून आलेलं नाही. मुख्य पानावरून तिथं जाणारी लिंक आहे का ते पाहा. ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे येऊन, वाचून, तूर्तास ठेवलेलं नाही. अशा पानावर बहुधा काही नसतंच : एक फोटो, भाव आणि ‘संपर्क करा’. मिरची कोणती, दळण किती बारीक, पाव किलो मटणाला मसाला किती, हे लिहा. मग बटण दाबा.

मराठी साइटची एक खास व्याधी या साधनात लगेच पकडता येते. जुना मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधून उचलून साइटवर चिकटवला, की तो फॉन्ट असेल तिथं डोळ्यांना मराठी दिसतं, पण सोर्समध्ये रोमन अक्षरांचा खिचडा असतो. लाइव्ह टेस्टमध्ये ‘व्ह्यू टेस्टेड पेज’ उघडून मजकूर पाहा. देवनागरी दिसली नाही तर सगळं युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) बदला. छापील पत्रकाचा फोटो टाकून मजकूर दिल्याचं समाधानही मानू नका. पानाचा पत्ता देवनागरीत चालतो, गूगलला तो वाचता येतो. पण ‘सावजी-मसाला’ एवढाच भाग टक्क्यांच्या चिन्हांत बदलला की ९१ अक्षरांची माळ होते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला ती शोभत नाही. पत्ता रोमन, मजकूर मराठी, हेच सोयीचं.

उणिवा आहेत. अहवाल मागे चालतात, ‘व्हॅलिडेट फिक्स’ला (दुरुस्ती तपासून घ्यायला) आठवडे जाऊ शकतात, चुकीच्या पत्त्यांची यादी १,००० वर थांबते आणि विचारायला माणूस नाही. शोधांची आकडेवारी मात्र १६ महिन्यांची मिळते. नागपुरात लोक मराठीत शोधतात की हिंदीत, आणि रोमनमध्ये ‘सावजी’चं स्पेलिंग काय करतात, हे त्यातच कळतं.

नकाशावर दुकान दिसण्यासाठी मात्र गूगल बिझनेस प्रोफाइल लागतं. ते काम वेगळं. ‘सात दिवसांत पहिल्या पानावर’ असं लिहून देणाऱ्याला आधी एवढंच विचारा : सर्च कन्सोल कुणाच्या जीमेलवर उघडणार?

पाचपैकी चार तारे. हे झालं की पाच मिनिटं काढून बिंग वेबमास्टर टूल्सही उघडा, बिंग या मायक्रोसॉफ्टच्या सर्च इंजिनाचं असंच साधन. सर्च कन्सोलमधून साइट थेट आयात होते. तिथं इंडेक्सनाउची सोय आहे : पान बदललं की बिंगला लगेच कळवता येतं. गूगल ते वापरत नाही.