सँत-एमिलियाँ (फ्रान्स): द्राक्षबागवाल्यांनी तर एकदा बघावंच असं गाव

मेव्हणा बोर्डोला नोकरीला आहे म्हणून आमचं तिकडं जाणं झालं, नाहीतर सोलापूरहून फ्रान्सला जाणारा माणूस पॅरिस बघून परत येतो. आमची द्राक्षबाग उत्तर सोलापुरात, घरात कोणी पीत नाही, त्यामुळे वाईनच्या गावात जाऊन आपण करायचं काय असं बायको विचारायली होती. पण आता कोणी विचारलं तर मी पॅरिसच्या आधी हे गाव सांगतो. पाचपैकी पाच स्टार, आणि ते वाईनसाठी नाहीत.

बोर्डोच्या मेन स्टेशनवरून ट्रेन साधारण पाऊण तासाच्या आत पोचवते, पण गाड्या कमी आहेत, परतीची वेळ आधीच बघून ठेवा. स्टेशन गावाच्या खाली आहे, तिथून वीसेक मिनिटं चालत वर जायचं आणि दोन्ही बाजूला नुसत्या बागा. मी तर तिथंच थांबलो. आपल्यासारखा मंडप नाही, वाय आकाराचे खांब पण नाहीत, कमरेएवढ्या वेली तारांवर बांधलेल्या आणि ओळी इतक्या जवळ की आपला ट्रॅक्टर आत जाणारच नाही, त्यांचे वेगळेच ट्रॅक्टर, उंच पायांचे, ओळीवरून जाणारे. ड्रिपची नळी कुठं दिसली नाही. खाली चुनखडीचा दगड आहे, तो पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि वेलीला हळूहळू देतो, वर चिकणमाती, त्यात मेर्लो जातीची वेल जोमात येते. घड लहान, मणी बारीक, बिया असलेले. आपण मणी फुगवायला जीए (जिबरेलिक ॲसिड हे संजीवक) मारतो, विरळणी करतो, त्यांना मणी बारीकच पाहिजे कारण रंग आणि चव सालीत असते. छाटणी पण एकदाच, हिवाळ्यात, कारण थंडीत वेल झोपते. आपल्याकडं ती झोपतच नाही म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी असा दोनदा खर्च.

आणि बोर्डो मिश्रण! मोरचूद आणि चुना कालवून आपण डाऊनी (केवडा) रोगावर मारतो ते ह्याच भागातलं. बोर्डोच्या पलीकडं मेडॉक म्हणून पट्टा आहे, तिथं रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तोडू नयेत म्हणून लोक त्यावर निळं औषध शिंपडायचे, आणि नेमका त्याच वेलींवर डाऊनी आला नाही हे मिलार्डे नावाच्या प्राध्यापकांनी बघितलं, 1885 मध्ये त्यांनी ते छापलं. अण्णांना तिथूनच फोन लावून हे सांगितलं, ते किती वेळ ऐकत राहिले.

आता गाव. वरून बघितलं तर पिवळसर दगडाची घरं, उतरत्या छपरांची कौलं आणि गोल दगडांच्या चढ-उताराच्या गल्ल्या, काही इतक्या उभ्या की मधोमध धरायला लोखंडी कठडा लावलाय. पण खरं गाव खाली आहे. हा डोंगरच पोखरलेला आहे, शेकडो वर्षं इथून दगड काढला, त्याच दगडात घरं बांधली आणि रिकाम्या झालेल्या बोगद्यांत आता वाईनची पिंपं ठेवतात कारण तिथं बारमाही थंडावा असतो.

त्यातलं एक तुम्ही चुकवायचं नाही, ते म्हणजे खडकात कोरलेलं चर्च. ते टूरिस्ट ऑफिसच्या गाईडबरोबरच बघता येतं, इंग्रजी टूरची वेळ ठरलेली असते म्हणून पोचल्या-पोचल्या आधी तिकीट काढा, मग बाकीचं गाव फिरा. आठव्या शतकात फ्रान्सच्याच ब्रिटनी भागातून एमिलियाँ नावाचा साधू आला आणि इथल्या गुहेत राहिला, 767 मध्ये वारला, त्याच्याच नावाचं गाव. म्हणजे आपल्या वेरूळला राष्ट्रकूटांचं कैलास कोरायचं काम चालू होतं साधारण त्याच काळात. चर्च मात्र नंतरचं, बाराव्या शतकाच्या सुरुवातीचं, म्हणजे आपल्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या शतकातलं. कैलास बाहेरून आणि आतून दोन्हीकडून कोरलंय, हे फक्त आतून पोकळ केलंय, बाहेरून तुम्हाला खिडक्या असलेला कडा दिसतो आणि डोक्यावर उंच मनोरा. आत गेल्यावर छत इतकं उंच की मान मागं टाकावी लागते. मनोऱ्याचं सगळं वजन आतल्या खांबांवर आहे, पाणी झिरपून दगड मऊ पडला म्हणून त्या खांबांना जाड लोखंडी पट्टे आवळलेत. ते बघून मला वाईट नाही वाटलं, उलट बरं वाटलं, कोणीतरी रोज लक्ष ठेवून आहे. आपला सोलापूरचा भुईकोट किल्ला आठवला, त्याच्या बुरुजांकडं असं कोणी बघावं असं मनापासून वाटतं.

गावच्या एका कडेला राजाचा बुरूज म्हणून तेराव्या शतकातला चौकोनी मनोरा आहे, 118 पायऱ्या, गुडघे चांगले असतील तर चढा. 1199 मध्ये इंग्लंडचा राजा जॉननं (तेव्हा हा भाग त्यांच्याकडं होता) गावकऱ्यांना सनद दिली, गावचा कारभार आणि वाईनची देखरेख बघणारं मंडळ तयार झालं, त्याला ज्युराद म्हणतात. फ्रेंच राज्यक्रांतीत ते बंद पडलं, 1948 मध्ये परत सुरू केलं. दर सप्टेंबरला ही मंडळी लाल झगे घालून ह्याच बुरुजावर चढतात आणि तोडणी सुरू झाली असं जाहीर करतात. अख्ख्या गावाच्या तोडणीची घोषणा एका आवाजात! आपल्याकडं प्रत्येकजण व्यापारी आला की आपली आपण तोड करतो आणि मग भाव पाडून मागितला की गप्प बसतो. 1999 मध्ये युनेस्कोनं हे गाव आणि भोवतीच्या 7 गावांच्या बागा मिळून वारसा यादीत घेतल्या, नुसतं चर्च नाही, बागा पण.

खाण्याचं मात्र जपून. चौकातल्या एका रेस्टॉरंटमध्ये शाकाहारी म्हणून नुसतं सॅलड दिलं आणि बिल बघून बायको गप्प झाली. बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती, बागेच्या कडेला बसून तीच खाल्ली. इथले मॅकरॉन (एक प्रकारचं गोड बिस्किट) प्रसिद्ध आहेत, 1620 पासून उर्सुलिन पंथाच्या ख्रिस्ती जोगिणी ते करायच्या, पॅरिससारखे रंगीत सँडविच नाहीत, साधे बदामाचे, आतून मऊ. अंड्याचा पांढरा भाग असतो, चालत नसेल तर घेऊ नका.

सत्तरीच्या पुढची माणसं बरोबर असतील तर खालच्या गल्ल्या टाळून वरच्या बाजूनंच फिरवा, आणि पाऊस असेल तर बूट चांगल्या पकडीचे घाला, ते गोल दगड ओले झाले की फार घसरतात.